कथलाची माळ

फार पूर्वी, इतक्या पूर्वी की तेव्हाच्या राजाचं नाव आता कुणाच्याच तोंडी उरलेलं नाही, एका डोंगरी गावात एका मुलीच्या बोटाला राखाडी भुकटी लागली.

एवढंच झालं. तिने बोट पदराला पुसलं आणि समोर टांगलेल्या माळेकडे पाहिलं. माळ नेहमीसारखी होती. मग तिने पदराकडे पाहिलं. पदरावर राखेसारखा डाग होता, आणि त्या दगडी खोलीत चूल नव्हती, धूप नव्हता, चिलीम ओढणारंही कुणी नव्हतं.

मुलगी दचकली.

आता ही मुलगी दचकायचीच. भांडं पडलं तरी दचकायची. पडलं नाही पण पडेल असं वाटलं तरी दचकायची. गावाने तिचं नावच दचकी ठेवलं होतं. तिचं खरं नाव विचारलं तर तिच्या आईलाही क्षणभर आठवावं लागे. त्यामुळे ती दचकली यात नवल काहीच नव्हतं. नवल होतं ते भुकटीत.

ती माळ नाण्यांची होती. सोन्याची नव्हे, चांदीचीही नव्हे. कथलाची. भांड्यांना कल्हई करायला वापरतात, तेच कथील.

त्याचं असं झालं होतं. गावाच्या डोक्यावर एक खिंड होती आणि त्या खिंडीतून राज्यात उतरता येत असे. एका कडक हिवाळ्यात शत्रूने खिंडीला वेढा घातला. खालचा रस्ता बर्फाने बंद झाला होता, त्यामुळे राजाचा खजिना वर येईना. खिंड राखणाऱ्या गावकऱ्यांना पगार तर द्यायला हवा. तांबं सगळं तोफांत ओतलेलं होतं आणि चांदी धान्यापायी संपली होती. शेवटी सेनापतीने कल्हईवाल्याच्या घरचं कथील मागवलं, वितळवलं आणि त्याचीच नाणी पाडली. धातू सगळ्यांना पुरेल म्हणून प्रत्येक नाण्याच्या मधोमध भोक ठेवलं. राजाच्या नावाने त्याने द्वाही फिरवली, की लढाई संपली की यातल्या प्रत्येक नाण्याला चांदीचं नाणं मिळेल.

लढाई संपली, खिंड राहिली, आणि राजा शब्दाला जागला. गोष्टीतले राजे कधी कधी जागतात. लोकांनी कथील दिलं, चांदी घेतली. परत आलेलं कथील राजाने वितळवून टाकलं. पण गावाने एक केलं. खिंडीत उभ्या राहिलेल्या प्रत्येक माणसाचं एक नाणं मागे ठेवलं, त्यावर त्याच्या घराची खूण कोरली, आणि सगळी नाणी शेळीच्या केसांच्या एका दोरीत ओवली. चंद्रकोरीचं घर, माशाचं घर, मोराचं घर, कोयत्याचं घर. ज्याला लिहिता येत नाही त्यालाही आपलं नाणं ओळखता यावं.

राजाला हे कळलं तेव्हा तो खूश झाला. म्हणाला, "जोवर ही नाणी गावापाशी आहेत, तोवर खिंडीवरचं कुरण गावाचं."

तेव्हापासून दर तपाला राजधानीतून सरकारी पारखी येई. नाणी खुणेनुसार बघे, वजन करी आणि कुरणाचा हक्क पुढे चालू ठेवी. एक जरी नाणं कमी भरलं, तरी कुरण राजाच्या पागेकडे जाणार होतं. पागेच्या सरदाराची त्या गवतावर कधीपासून नजर होती. कुरण गेलं की मेंढ्या गेल्या, आणि मेंढ्या गेल्या की गावाने डोंगर उतरून कुणाच्या तरी दारात राबायला जायचं. हे गावात कुणी बोलून दाखवत नसे. सगळ्यांना माहीत होतं.

म्हणून माळ जपायची. आणि जपायची गावाची एक रीत होती. नाणी एकमेकांना इतकी घट्ट टेकलेली हवीत की मधून उजेड दिसता कामा नये. दर सणाला दोरी ओढून गाठ आवळली जाई, आणि आवळताना सगळे म्हणत, "तेव्हा खांद्याला खांदा होता, आताही आहे."

दचकीला गावानेच राजधानीत शिकायला धाडलं होतं. पारखी चार शब्द अवघड बोलला तर त्याला चार शब्द अवघड बोलणारं आपलंही कुणी असावं, एवढाच विचार. ती एका म्हाताऱ्या सरदाराकडे नाणेविद्या शिकली. त्या सरदाराला लढायांच्या काळातली नाणी जमवण्याचा नाद होता. लढाईत चांगला धातू संपला की राजे हाताला लागेल त्यावर शिक्का मारतात, आणि तेच त्याला आवडायचं. त्याच्या दालनात जस्ताची पांढुरकी नाणी होती, तेलात बुडवून ठेवलेली लोखंडाची होती, शिशाची होती, एका बंदरावरची तर चामड्याची होती. "सोन्याचं नाणं स्वतःच्या किमतीवर चालतं," तो म्हणायचा, "आणि ही बिचारी कुणाच्या तरी शब्दावर चालली. म्हणून ती महाग."

दचकी सगळं शिकून परत आली आणि माळेची राखण तिच्याकडे आली. त्याच माळेवरून बोट फिरवताना तिला भुकटी लागली होती.

दुसऱ्या दिवशी तिने दिवा जवळ नेऊन पाहिलं. चंद्रकोरीच्या नाण्यावर एक फोड आला होता. चामखीळ असते तसा, राखाडी, खरखरीत. आणि शेजारच्या माशाच्या नाण्यावर, नेमका जिथे तो फोड टेकला होता तिथे, एक बारीक ठिपका होता.

ती गावच्या नाईकाकडे गेली. नाईक अंगणात मेंढी कातरत बसला होता.

"नाईककाका, माळेला काहीतरी झालंय."

"परवा विहिरीला काहीतरी झालं होतं," नाईक मान वर न करता म्हणाला. "त्याआधी आभाळाला."

"विहिरीत खरंच बेडूक मेला होता."

"बेडूक मरतातच, बाय. त्यासाठी गावाला पाणी प्यायचं थांबवत नाहीत."

"तुम्ही एकदा येऊन बघा."

नाईक आला. तसा तो वाईट माणूस नव्हता. फक्त दिवसातून एकदाच घाबरायची त्याची तयारी असे, आणि त्या दिवशीचं घाबरणं लांडग्यावर खर्च झालं होतं. त्याने फोडाला नख लावून पाहिलं.

"मळ आहे," तो म्हणाला. "चिंच आणि राख घेऊन घासायला सांगतो."

बायकांनी माळ घासली. बाकीची नाणी लखलखली. चंद्रकोरीच्या नाण्याची कड मात्र ओल्या बिस्किटासारखी हातात सुटून आली. घासणारी बाई हात तसाच धरून बसली. दचकीने खाली वाकून ते तुकडे आणि ती भुकटी वेचली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. का, ते तिला सांगता आलं नसतं. नाण्याचं काही टाकायचं नाही, एवढं ती शिकली होती.

नाईक म्हणाला, "ओल लागलीय. माळ वरच्या गुहेत हलवा. तिथे लोणीसुद्धा नासत नाही. आणि दोरी सैल झाली असणार. घट्ट आवळा."

यात चूक काढावी असं काही नव्हतं. जे कुजतं ते कोरड्या, थंड जागी ठेवायचं, हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. माळ गुहेत गेली. गाठ आवळली गेली.

गुहा खिंडीच्या कडेला, उंचावर होती. तिथे जायच्या वाटेवर जागोजागी उभे दगड होते, माणसाच्या उंचीचे. दचकी रोज वर जाई आणि रोज प्रत्येक दगडाला दचके. धुक्यातून कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं. जवळ गेलं की दगड, आणि दगडावर कुठल्या तरी घराची खूण.

थंडी वाढली तसे फोड वाढले. माशाचं नाणं राखाडी पडलं. मग मोराचं. माळेवरून डाग असा सरकत होता, जसा घोंगडीच्या कडेने विस्तव सरकतो. ज्वाळा नाही, धूर नाही, नुसती पुढे पुढे जाणारी एक रेघ.

तिथे गारठून बसलेली असताना तिला म्हाताऱ्या सरदाराचं दालन आठवलं. तिथे भर उन्हाळ्यातसुद्धा एक शेगडी पेटलेली असे. तिला वाटायचं, म्हाताऱ्याला थंडी सोसत नसेल. त्या शेगडीजवळच्या भिंतीत त्याची कथलाची नाणी होती. प्रत्येकाला वेगळा कोनाडा, खाली लोकर, वर लोकर. एका कोनाड्यात नाणं नव्हतंच. चिमूटभर राख होती. तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "ते नाणंच आहे. यांना लांब लांब ठेवावं लागतं, पोरी, नाहीतर एकाचं दुसऱ्याला." तेव्हा ती मनात हसली होती. म्हातारे लोक वस्तूंबद्दल असं माणसांसारखं बोलतात, असं तिला वाटलं होतं.

आता तिला हसू आलं नाही. कथलाला थंडी बाधते. आणि बाधलेलं नाणं ज्याला टेकेल त्यालाही बाधतं. गावाने माळ थंडीत नेऊन ठेवली होती आणि नाणी एकमेकांवर आवळून धरली होती.

त्या संध्याकाळी चावडीवर तिने सगळ्यांना हे सांगितलं. सांगताना तिचा आवाज कापत होता, त्यामुळे खरं असलेलंही खोटं वाटत होतं.

"माळ सोडायला हवी," ती म्हणाली. "प्रत्येक घराने आपापलं नाणं न्यायचं. लोकरीत गुंडाळून चुलीजवळ ठेवायचं. जी बरी आहेत ती वाचतील."

"नाण्यांना पडसं झालंय म्हणते," कुणीतरी मागून म्हणालं.

"मग काढा करा. आलं जास्त घाला."

चावडी हसली. एक जण मात्र हसला नाही, तो म्हणाला, "राजधानीत शिकवलं कुणी? आम्ही. आणि शिकून आली ती गावाची माळ तोडायला?"

"आणि घरी नेलेलं नाणं कुणी विकलं तर?" दुसऱ्याने विचारलं. "राजधानीतले हौशी लोक वेढ्याच्या एका नाण्याला बैलजोडी देतात म्हणे."

"देतात," दचकी म्हणाली. तिला खोटं बोलता येत नसे.

त्यावर गलका झाला. तो शमला तो कोंडाई उठून उभी राहिल्यावर. कोंडाई कोयत्याच्या घरची. वेढा डोळ्यांनी पाहिलेलं गावात आता तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. तिचा नवरा खिंडीत उभा राहायला गेला होता आणि परत आला नव्हता. त्याचं नाणं माळेत मोराच्या शेजारी होतं.

"पोरी," कोंडाई म्हणाली, "माझा माणूस वर एकटा मेला नाही. सगळ्यांबरोबर मेला. त्याला आता तू एकटा करणार?"

दचकी खाली बसली.

नाईकाने निकाल दिला, "माळ आहे तिथेच राहील. पारखी बर्फ वितळल्यावर येईल, तोवर वातावरण निवळेल. आणि गाठ सुटायची असेल तर घरोघरचा होकार लागेल. तो मिळायचा नाही, हे आत्ताच दिसलं."

दोरी कापायला एक विळा पुरला असता, आणि गुहेत दचकीला बघायलाही कुणी नव्हतं. पण नाणी तिची नव्हती. प्रत्येक नाण्याला घर होतं.

दुसऱ्या सकाळी ती पुन्हा वर निघाली. धुकं नेहमीसारखंच होतं. पहिल्या दगडाला ती दचकली. दुसऱ्याला दचकायच्या तयारीने चालू लागली, तर तो येईचना. चालून चालून दम लागला तेव्हा कुठे तो आला. ती तिथेच थांबली. धुकं जरा फाटलं तसं तिने मागे वळून पाहिलं. पहिला दगड पार दूर, बोटाएवढा दिसत होता.

रोज दचकण्याच्या नादात हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. दगडांवर घरांच्या खुणा होत्या. म्हणजे ज्याची त्याची उभं राहायची जागा. आणि या जागा खांद्याला खांदा लागेल अशा नव्हत्याच. खिंड रुंद, माणसं थोडी. प्रत्येक जण आपल्या दगडापाशी एकटा उभा होता. दोघांमधलं अंतर एवढंच, की एकाने जोरात हाक मारली तर दुसऱ्याला ऐकू जावी.

ती तशीच मागे फिरली आणि कोंडाईच्या घरी गेली. कोंडाई ओट्यावर लोकर पिंजत होती.

"कोंडाई, तुमचा माणूस कुठे उभा होता?"

"वर. कुठे असणार?"

"कुठल्या दगडापाशी?"

"आमच्या. खूण आहे त्यावर. तुला दिसत नाही?"

"आणि त्यांच्या शेजारी कोण होतं?"

"मोरवाल्यांचा थोरला."

"शेजारी म्हणजे किती शेजारी?"

कोंडाईचे हात थांबले. तिने मुलीकडे पाहिलं, मग वर खिंडीकडे पाहिलं. ती तेव्हा नवी नवरी होती आणि रोज भाकऱ्या घेऊन वर जात होती. कोण कुठे उभं होतं हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तिने लोकर गोळा केली, आत गेली आणि दार लावून घेतलं.

इथे गावाची आणखी एक रीत सांगायला हवी. वेढ्याच्या दिवसांत खिंडीतला माणूस आपल्या दगडावरून खाली हाक घालायचा, घराच्या खुणेने: "चंद्रकोरीच्या घरी कोण आहे?" आणि खालून घरचं माणूस म्हणायचं, "ओ." म्हणजे वरचा जिवंत आहे, खालचा जिवंत आहे, पहारा चालू आहे. वेढा उठला, हाका राहिल्या. शेळी चुकली, दूध उतू गेलं, पाहुणे आले, गाव अजूनही खुणेनेच हाक घाली. आणि खुणेच्या हाकेला ओ दिली की हाकेमागचं बोलणं मान्य केलं, असा नियम होता.

कोयत्याच्या घरची ओ मात्र नेहमी शेजारीण देई. कोंडाई कधी देत नसे. का, ते कुणी विचारत नसे.

दचकी गुहेत गेली. मोराच्या नाण्याला आता अर्ध्याहून जास्त फोड होते, आणि कोयत्याच्या नाण्याला ते टेकलं होतं. तिने दिवा जवळ धरला. कोयत्यावर अजून डाग नव्हता. थंडी मात्र त्या दिवशी अशी होती, की श्वास तोंडासमोर लोंबकळत राहत होता.

ती बाहेर आली आणि कोयत्याच्या खुणेच्या दगडाला पाठ लावून उभी राहिली. धुकं विरलं होतं. खाली सगळं गाव दिसत होतं. तिने आयुष्यात कधी मोठ्याने हाक घातली नव्हती. आपलाच आवाज ऐकून दचकायला होईल अशी तिला भीती वाटायची. तिने दोन्ही तळवे तोंडाशी धरले.

"चंद्रकोरीच्या घरी कोण आहे? आपलं नाणं घेऊन जा."

हाक खाली गेली. अंगणात काम करणारी माणसं थांबली. कुणी बोललं नाही.

"माशाच्या घरी कोण आहे? तुमचं अर्धं उरलंय. अर्धं तरी घेऊन जा."

माशाच्या घरचं एक लेकरू सवयीने तोंड उघडणार, तेवढ्यात आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. नाईक कात्री हातात धरून अंगणात उभा होता. हाक आली की ओ द्यायची, हे त्या गावात श्वासासारखं होतं. न देण्याला जोर लागत होता, आणि तो जोर सगळ्यांच्या मानेत दिसत होता.

"मोराच्या घरी कोण आहे?"

मोराच्या घराचं दार उघडलं आणि परत बंद झालं.

तिने एकेका खुणेने सगळ्या घरांना हाक घातली. घसा बसत आला. कुणी ओ दिली नाही. वेढ्याच्या काळात असं झालं असतं तर त्याचा अर्थ एकच निघाला असता, की खाली कुणी उरलेलं नाही. हे तिच्या मनात आलं आणि ती स्वतःशीच दचकली.

पुढचं आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे ऐकणाऱ्याच्या जिवाला घोर नको. त्या दिवशी दिवे लागायच्या आत माळ सुटली. नाणी आपापल्या घरी गेली, लोकरीत, चुलीजवळ. जी भुकटी झाली होती तीही गेली, चिंध्यांत बांधून. बर्फ वितळल्यावर पारखी आला आणि त्याच्यामागून पागेचा सरदारही आला, गवत बघत बघत. पारख्याने घरोघर जाऊन नाणी पाहिली. चंद्रकोरीच्या घरी त्याच्यापुढे एक पुरचुंडी ठेवली गेली. सरदार म्हणाला, "हे नाणं नाही, ही राख आहे. कुरण आमचं." पारख्याने तराजू काढला, एका पारड्यात चांगलं नाणं ठेवलं, दुसऱ्यात पुरचुंडीतली भुकटी. काटा जरासा हलला आणि जवळजवळ मधोमध थांबला. कमी भरली ती पदराला पुसलेल्या आणि चिंचेच्या पाण्यात गेलेल्या भुकटीइतकीच. पारखी म्हणाला, "नाणं आजारी आहे, हरवलेलं नाही. आणि राजाच्या शब्दात आजाराचं काही नव्हतं." कुरण गावाचं राहिलं. बैलजोडीसाठी नाणं कुणी विकलं नाही. दर सणाला आता गाठ आवळत नाहीत. घराघरातून आपापलं नाणं हातात घेऊन लोक ओट्यावर येतात आणि एकमेकांना हाक घालतात.

पहिली ओ कुणी दिली, यावर मात्र पुढे गावात पुष्कळ वाद झाले. चंद्रकोरवाले म्हणत आम्ही. नाईक तर म्हणे, आपण कात्री खाली ठेवून तोंड उघडलंच होतं.

पण ते सगळं नंतरचं. आत्ता दचकी दगडाला पाठ लावून उभी होती आणि खाली गाव गप्प होतं. एक घर राहिलं होतं. ते तिने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण तिथून आधीच नकार आला असता तर पुढे कुणाला हाक घालण्यात अर्थच उरला नसता. तिने श्वास भरून घेतला. आवाज फाटला, तरी तिने हाक पुरी केली.

"कोयत्याच्या घरी कोण आहे?"

शेजारीण ओट्यावर आली, पण तिने तोंड उघडलं नाही. हाक खिंडीतून खाली गेली, छपरांवरून गेली, विहिरीपलीकडे जाऊन विरली. त्या दगडावरून ती हाक किती काळ आली नव्हती, हे गावात एकीलाच माहीत होतं. शेवटच्या दिवशी भाकरी बांधून कोंडाई त्या हाकेची वाट बघत बसली होती आणि हाक आलीच नव्हती. दगडापाशी तिचा माणूस एकटाच उभा असे, पण हाक येत होती तोवर तो एकटा नव्हता.

खाली एक दार उघडलं. कोंडाई ओट्यावर आली. हातात पिंजलेल्या लोकरीचा एक पेळू होता, नाण्यापुरता. तिने वर पाहिलं, डोळ्यांवर हात धरला, आणि म्हातारपणी येतो तसल्या चिरक्या, पण डोंगर चढून जाणाऱ्या आवाजात म्हणाली,

"ओ."

तात्पर्य: चिकटून तर माळेतली नाणीही राहतात, माणसं टिकतात ती एकमेकांच्या हाकेला ओ दिल्याने.